लेक ‘थँक यू आई’ म्हणाली आणि मला परकं वाटलं

प्रश्न : नमस्कार. मी गिरगावात राहते, वय ६६. मुलगी आठ वर्षं झाली न्यू जर्सीत एडिसनला आहे. इतकी वर्षं ती मला उन्हाळ्यात बोलवायची, यंदा म्हणतीये की आई नोव्हेंबरमध्येच ये, थँक्सगिव्हिंगला, म्हणजे तिकडच्या आभार मानायच्या सणाला. मला कळेना की दिवाळीला ये असं का नाही म्हणाली. मागच्या दिवाळीत हिने चकल्या विकतच्या आणल्या, सुट्टीपण नाही घेतली, आणि या सणाला मात्र दोन दिवस आधीपासून स्वयंपाक, पंधरा माणसं जेवायला! त्या दिवशी व्हिडिओ कॉल लावला, सगळे टेबलाभोवती बसलेले, एकेक जण कोणाचे ना कोणाचे आभार मानत होता, हिची पाळी आली तर सगळ्यांसमोर मला म्हणाली ‘थँक यू आई’. जावई हसत होते. मला मात्र कसंतरीच झालं हो. आईला कोणी थँक यू म्हणतं का? आपले सण विसरली का ती? हा सण ख्रिश्चनांचा आहे का? आणि मी गेले तर तिथे माझी पाळी आल्यावर मी काय बोलू?
– एक आई, गिरगाव

उत्तर : काकू (म्हणू ना?), तुमचं पत्र वाचताना मला आधी हसू आलं आणि मग माझी आई आठवली, का ते सांगते.

आम्ही नऊ वर्षं ओहायोत होतो, कोलंबसला. पहिल्या वर्षीचा थँक्सगिव्हिंग मी शिव्या घालत काढलाय. मला कोणी सांगितलंच नव्हतं की त्या गुरुवारी सगळं बंद असतं, घरात दूध नाही, भाजी नाही, बाहेर चिटपाखरू नाही, आपल्याकडे बंदच्या दिवशी असतं ना तसं, फक्त कोपऱ्यावर गप्पा मारणारी पोरंसुद्धा नाहीत. मुगाची खिचडी खाल्ली आणि म्हटलं कसला हा सण, ना कंदील ना रांगोळी, नुसतं दार लावून जेवायचं.

दुसऱ्या वर्षी शेजारच्या आजींनी बोलावलं. आयुष्यभर शाळेची बस चालवून रिटायर झालेल्या. मी म्हटलं आम्ही मांस खात नाही, तर म्हणाल्या मग काय झालं, आणि खरंच माझ्यासाठी मॅक अँड चीज (चीज घातलेली मॅकरोनी) वेगळं केलं, पावाचं स्टफिंगसुद्धा टर्कीच्या (त्या दिवशी अख्खा भाजतात तो मोठा पक्षी) पोटात न भरता वेगळ्या भांड्यात भाजलं. (स्टफिंग म्हणजे काय तर शिळ्या पावाचा आपला उपमाच, कांदा घालून. आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या टर्कीचं सँडविच तितक्याच आवडीने खातात, जशी आपण फोडणीची पोळी खातो. शिळ्याचं प्रेम जगात सगळीकडे आहे बघा.) मग तो आभाराचा राउंड सुरू झाला. आजींनी त्यांच्या नवऱ्याच्या शेवटच्या आजारपणातल्या नर्सचं नाव घेतलं, नाव घेताना थांबल्या, आणि सगळे गप्प बसून थांबले, कोणी घाई केली नाही. माझी पाळी आली तेव्हा तोडक्यामोडक्या इंग्रजीत मी आईचं नाव घेतलं, सकाळच्या शिफ्टला जायच्या आधी पहाटे चारला उठून आमचे डबे करायची म्हणून. आणि तेव्हा डोक्यात आलं की हे मी आईला कधी सांगितलेलंच नाही, सांगतीये कोणाला तर ओहायोतल्या सहा अनोळखी माणसांना.

घरी येऊन कॉलिंग कार्ड काढलं आणि फोन लावला. तिकडे संध्याकाळचे पाच, इथे पहाटेचे साडेतीन! आईने पहिलं वाक्य विचारलं, ‘कोण गेलं?’ मी म्हटलं कोणी नाही गं, तुला थँक यू म्हणायचं होतं. तर म्हणे, ‘डोकं फिरलंय का तुझं, किती पैसे जातायत, ठेव आधी.’ ठेवला. नंतर बहिणीकडून कळलं की सकाळी सात वाजेपर्यंत चाळीच्या तिन्ही मजल्यांना बातमी होती, अमेरिकेतून मुद्दाम फोन करून थँक यू म्हणाली म्हणून.

त्यामुळे काकू, तुम्हाला कसंतरी झालं ते मला कळतं. आपल्यात घरच्या माणसाचे आभार मानले की ‘परकं केलंस का’ असंच म्हणतात. आभार म्हणजे कार्यक्रमाच्या शेवटी माईकवर मानायची गोष्ट, हार-नारळ वगैरे. घरात आपण ते हाताने करतो, ताटात एक पोळी जास्त वाढून. आणि आपण कृतज्ञ नाही असं थोडंच आहे, आपण बैलाला पोळ्याला पुरणपोळी देतो, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतो, दसऱ्याच्या सुमारास तर ऑफिसला जाणारी माणसं लोकलच्या डब्याला तोरण बांधून पूजा करतात, जी लोकल वर्षभर त्यांना चिरडत असते! फक्त आईला तेवढं कोणी तोंडाने म्हणत नाही. तुमच्या मुलीने ते तिकडे शिकून घेतलं. मला तरी त्यात विसरणं दिसत नाही. चकल्यांचं मात्र तुम्ही म्हणता ते बरोबर, पण दिवाळी तिकडे वर्किंग डेला येते आणि थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी हक्काच्या सुट्टीचा, शुक्रवारही बऱ्याच जणांना मिळतो. जिथे सुट्टी तिथे सण.

ख्रिश्चनांचा का, तर मुळात हो, देवाचे आभार मानायचे दिवस पाळणाऱ्या ख्रिश्चन लोकांकडूनच आला, पण आता हिंदू, मुसलमान, ज्यू, काही न मानणारे, सगळेच करतात, पूजा-विधी काही लागत नाही. गोष्ट सांगतात ती १६२१ ची. इंग्लंडहून मेफ्लॉवर जहाजाने १०२ प्रवासी आले, पहिल्याच हिवाळ्यात निम्मे मेले, मग तिथल्या वाम्पानोआग लोकांच्या मदतीने मका पिकवायला शिकले, पीक आलं तेव्हा तीन दिवस जेवणावळी झाल्या आणि त्यात वाम्पानोआगच जास्त होते, नव्वदेक. दरवर्षीचा राष्ट्रीय सण झाला तो १८६३ पासून, यादवी युद्ध चालू असताना लिंकनने जाहीर केला, आणि चौथा गुरुवार कायद्याने ठरला १९४१ ला. पुढची गोष्ट मात्र टेबलावर कोणी काढत नाही, ज्यांनी शेती शिकवली त्यांच्याच जमिनी गेल्या. म्हणून १९७० पासून प्लिमथला, जिथे ते प्रवासी वसले तिथेच, मूळ रहिवाशांतले काही लोक त्याच दिवशी शोकदिन पाळतात. मला हे बऱ्याच उशिरा कळलं आणि त्यानंतर त्या टेबलावर बसताना आधीसारखं सोपं राहिलं नाही, पण बसले.

आणि पिकाचे आभार काय अमेरिकेनेच मानावेत असं नाही. मुंबईच्या आसपासच, गोराई-वसईकडचे ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच ख्रिश्चन लोक, ऑक्टोबरमध्ये आगेरा करतात, नव्या भाताची कणसं चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेतात. आपली कोजागरीची नवान्न पौर्णिमाही तीच.

आता तुमची पाळी. भाषण करू नका, मराठीतच बोला, लेक भाषांतर करेल. एकच खरी गोष्ट घ्या, छोटी. तुम्ही आजारी असताना कोणी दळण आणून दिलं असेल तर तेच. मुलीला उलटं थँक यू म्हणायची गरज नाही, फारच वाटलं तर तिच्या पानात एक जास्त वाढा, तिला कळतं ते.

जाताना तिकीट आठवडाभर आधीचं काढा, त्या बुधवारी सगळी अमेरिका विमानतळावर असते. जेवण दुपारी तीन-चारला असतं तेव्हा सकाळी नाश्ता दणकून करा. आणि तिकडे पंपकिन पाय, म्हणजे भोपळ्याचं गोड सारण भरलेला भाजलेला पदार्थ, असतोच, तर तुम्ही लाल भोपळ्याचे घारगे करा, भोपळा किसत बसू नका, डब्यात मिळतो. फक्त ‘प्युरे’ लिहिलेला डबा आणा, ‘पाय फिलिंग’चा नको, दोन्ही दिसतात सारखेच पण फिलिंगमध्ये आधीच साखर आणि दालचिनी असते, मी एकदा फसलेय. गूळ घालून गरम करा, गार झाल्यावर मावेल तेवढीच कणीक.