रंगमंचाबद्दल विचारा

प्रश्न : वय ३७. लग्नाआधीपासून हौशी नाटकांत कामं करते. मध्यंतरी एका हिंदी वेबमालिकेसाठी ऑडिशन दिली. 'अभिनय फार नाटकी, चेहराही पडद्याचा नाही,' असं ऐकून परत आले. इटलीची आन्ना मान्यानीही रंगभूमीवरूनच सिनेमात गेली म्हणतात. तिला कसं जमलं? मी नाटक सोडू का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही.

आता मान्यानी. जन्म रोमचा, १९०८चा. रीतसर नाट्यशिक्षण घेतलं, पण पोटासाठी कॅबरेत गाणी म्हटली, तोतो या विनोदवीराबरोबर रेव्ह्यू केले. रेव्ह्यू म्हणजे गाणी, नकला, चुटके; प्रेक्षक तिथल्या तिथे हिशोब चुकता करणार. सिनेमात ती १९३४पासून होती, बहुतेक दुय्यम कामांत. दिग्दर्शक रोस्सेलिनीचा 'रोम, ओपन सिटी' आला १९४५मध्ये. तेव्हा तिचं वय किती? तुमच्याएवढंच. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, केस विस्कटलेले. चेहऱ्याचं म्हणाल तर एवढं पुरे.

त्या चित्रपटात जर्मनांच्या ट्रकमागे धावताना पिनाला, म्हणजे मान्यानीच्या पात्राला, गोळी लागते, त्याचंच सगळे कौतुक करतात. मी माझ्या मुलींना त्याआधीचा जिन्यातला प्रसंग दाखवते. गरोदर, दमलेली पिना होणाऱ्या नवऱ्याशी, फ्रांचेस्कोशी, बोलत बसते. आवाज चढत नाही, हातवारे नाहीत. तीच बाई पुढे रस्त्यावर किंचाळते, आणि ते खोटं वाटत नाही. मोठा अभिनय पडद्याला चालतो हो. सगळीकडे एकाच पट्टीत केला की नाटकी होतो. आपल्या हौशी मंडळींत हा रोग फार. शेवटच्या रांगेसाठी लावलेला आवाज आपण चहाच्या कपालाही लावतो.

अमेरिकी नाटककार टेनेसी विल्यम्सनं 'द रोझ टॅटू' हे नाटक तिला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं. पण इंग्रजीचा भरवसा नव्हता, म्हणून न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर तिनं ते केलं नाही. १९५५च्या चित्रपटात मात्र केलं आणि ऑस्कर घेतलं. अभिनयाचं ऑस्कर मिळवणारी ती पहिली इटालियन. आपल्याला हिंदीची अडचण नाही, तेवढं तरी इंदुरात राहण्याचं सुख! रंगभूमीकडे ती परतलीच: १९६५मध्ये झेफिरेल्लीच्या दिग्दर्शनात इटालियन लेखक वेर्गाचं नाटक 'ला लूपा'.

पुढच्या ऑडिशनआधी एक करा. तिच्या १९४८च्या 'लामोरे' या चित्रपटाचा पहिला भाग बघा. अर्ध्या तासाहून जास्त वेळ खोलीत ती एकटी, हातात टेलिफोन. मग तुमच्या एखाद्या नाटकातलं पानभर स्वगत घ्या, मोबाइल हातभर अंतरावर ठेवा आणि समोर एकच माणूस बसलाय असं धरून बोला. आवाज बंद करून चित्रण बघा. भुवया सारख्या नाचत असतील तर पुन्हा करा. गणपतीतल्या प्रयोगाचं आमंत्रण आलं असेल तर आजच होकार कळवा, तालमी लवकर सुरू होतात.