डिफरन्शियलसाठी मुदत ठेव मोडू का?

म्हापशाच्या एका वाचकांनी विचारले आहे: वडिलांनी आखातातून आणलेल्या 1991 च्या माझदा एमएक्स-5 चा (1.6 लिटर) मागचा डिफरन्शियल (इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणारी गियरपेटी) आवाज करतो. जपानमधला विक्रेता 1.8 च्या गाडीचा जुना टॉर्सन डिफरन्शियल (एक चाक घसरले तरी दुसऱ्याला जोर देणारा प्रकार) वाहतुकीसह 95,000 रुपयांना देतो, शाफ्टचे 36,000 वेगळे. बसवायचे 22,000. गॅरेजवाला मात्र तुमचाच डिफरन्शियल खोलून बेअरिंग आणि सील बदलायचे 48,000 सांगतो. हातात पगार 78,000, गृहकर्जाचा हप्ता 24,000, घरखर्च 34,000, एसआयपी 8,000. बचत म्हणून 3,00,000 ची एकच मुदत ठेव. ती मोडावी का?

मोडू नका. जपानचा सौदाही आत्ता करू नका.

तुम्ही 95,000 धरून चालला आहात, पण ती या सौद्याची किंमत नव्हे. 1.6 च्या गाडीत क्राउन (डिफरन्शियलमधले मोठे दातेरी चक्र, ज्याला पिनियन हे छोटे चक्र फिरवते) 6 इंची असतो, 1994 मॉडेलपासूनच्या 1.8 मध्ये 7 इंची. त्यामुळे 7 इंची डिफरन्शियलसोबत 1.8 चाच प्रॉपेलर शाफ्ट (गियरबॉक्सकडून मागे येणारा दांडा) आणि दोन्ही हाफ शाफ्ट (डिफरन्शियलकडून चाकांकडे जाणारे दांडे) घ्यावे लागतात, तुमचे जुने जुळत नाहीत. म्हणजे 1,31,000. सीमाशुल्क वाहतूक आणि विमा धरून काढलेल्या किमतीवर लागते. त्यावरचा अधिभार आणि आयजीएसटी मिळून हिशेबाला 40 टक्के धरा: 52,400. बसवायचे 22,000. एकूण 2,05,400. ठेवीत उरतात 94,600, म्हणजे हप्ता आणि घरखर्च मिळून दीड महिन्याची सोय. मुदतीआधी मोडल्याचा व्याजदंड वेगळाच. वैयक्तिक कर्जाचा पर्याय तुम्ही विचारलेला नाही, तरी सांगतो: दीड लाख, 14 टक्के, 24 महिने, तर हप्ता सुमारे 7,200. एसआयपीनंतर महिन्याला उरणाऱ्या 12,000 पैकी निम्म्याहून जास्त त्यातच जातील.

त्याहून मोठी अडचण परवान्याची आहे. वापरलेले सुटे भाग भारतात आणायला परकीय व्यापार महासंचालनालयाची परवानगी लागते. नवे बेअरिंग, नवे सील यांना ही अट नाही. विक्रेता कागदावर ‘नवा माल’ किंवा ‘भेट’ लिहून देतो म्हणाला तर तिथेच थांबा. खोट्या घोषणेवर सीमाशुल्क कायदा, 1962 खाली माल जप्त होऊ शकतो आणि दंड आयातदाराला, म्हणजे तुम्हाला होतो. पैसे मात्र विक्रेत्याकडे आधीच गेलेले असतात.

आता 48,000 कडे वळू. तेही लगेच देऊ नका, आधी निदान करून घ्या. वळणावर आवाज बदलत असेल तर चाकाच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. गियर टाकताना ‘टक’ होत असेल तर डिफरन्शियलचे रबर बुश किंवा प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) बघावेत. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर आणि सोडल्यावर सूर बदलणारी शीळ येत असेल, तर बहुधा पिनियनचे बेअरिंग किंवा दातांची जुळणी. तेल काढून पाहा, पण आधी भरायचा प्लग सुटतो का ते बघा. इथल्या दमट हवेत तो गंजून बसतो, आणि तेल काढून टाकल्यावर हे कळले तर गाडी तिथेच अडकते. तेल काढायच्या प्लगवर लोखंडाचा बारीक लगदा चालतो. दाताचे तुकडे दिसले तर क्राउन-पिनियन गेले. मग 48,000 चा अंदाज रद्द समजा आणि नवा लेखी अंदाज येईपर्यंत पैसे देऊ नका.

तुकडे नसतील तर काम करून घ्या. पिनियनचा क्रश स्लीव्ह (नट आवळताना दबून बेअरिंगचा ताण ठरवणारी नळी) नवाच टाकायला सांगा. तो एकदाच दबतो. जुन्यावर नट जास्त आवळला गेला तर नवे बेअरिंगही थोड्याच दिवसांत शीळ घालते. क्राउन आणि पिनियन ही जोडी आहे, त्यातला एकच भाग बदलू देऊ नये. शेवटी जीएल-5 प्रतीचे 75डब्ल्यू-90 तेल, 6 इंचीत साधारण 0.65 लिटर, गाडी समतल ठेवून भरायच्या भोकातून ओघळेपर्यंत.

पैसा असा उभा करा: महिन्याचे 12,000 चार महिने आवर्ती ठेवीत, बरोबर 48,000. चवथीचा खर्च मध्ये आला तर पाच महिने लागू देत. तोवर गाडी उभी ठेवा. सैल बेअरिंगवर चालवली तर पिनियन जागेवरून हलतो, दात खातो, आणि मग दुरुस्तीचा स्वस्त मार्ग बंद होतो.

पुढे कधी परवाना हाती घेऊन टॉर्सन आणायचाच झाला, तर पैसे पाठवण्याआधी हाफ शाफ्टच्या भोकातून आतला फोटो मागवा: आडवी पिन दिसली तर तो साधा डिफरन्शियल आहे, टॉर्सन नव्हे. क्राउनच्या एका फेऱ्यात पिनियन किती फिरतो याचा व्हिडिओही मागवा. तुमच्या 4.30 च्या जागी 4.10 बसला तर काटा 80 दाखवेल तेव्हा गाडी 84 ला असेल.