यादी लागण्याआधी

भाऊ, कंपनीत कपातीची यादी लागणार या काळजीने रात्री तीनला जाग येते म्हणालात ना? मलाही यायची. सातपूरच्या कंपनीत लाइन बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली तेव्हा मी ५१ चा होतो. कॅन्टीनमध्ये रोज नवी यादी फिरायची, एकही खरी नसायची. त्या टेबलावर बसणं आधी सोडा.

मग वही घ्या. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम, अशी काढायची: शेवटचा बेसिक (मूळ पगार) अधिक डीए (महागाई भत्ता), भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. दोन्ही मिळून महिना २६,००० आणि नोकरी २० वर्षं असेल तर ३ लाख. आकडा कागदावर आला की धडधड जरा बसते, का कोण जाणे. पीएफवरचं नाव आधारशी जुळतं का बघा. माझ्या आडनावातल्या एका अक्षराने दोन महिने खाल्ले. पीएफची पेन्शन वयाच्या ५० नंतर मिळते (१० वर्षं भरलेली हवीत), पण ५८ च्या आधीच्या दर वर्षामागे ४ टक्के कापून. घाई नको.

साहेबांनी गोड बोलून राजीनामा मागितला तर तिथल्या तिथे सही करू नका. ‘घरी विचारून सांगतो’ म्हणायचं आणि उठायचं.

आणि वहिनींना सांगा. मी महिनाभर लपवलं. हिला केव्हाच कळलं होतं. डब्यातली भाजी रोज तशीच परत यायची.