डोळ्यांखालची निळी झाक

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी जुळे सोलापुरात राहते, वय ४१, शाळेत पाचवीला शिकवते. डोळ्यांखाली खड्डे पडून चेहरा कायम दमलेला दिसायचा. भाचीच्या लग्नाआधी, एप्रिलमध्ये, पुण्यातल्या एका क्लिनिकमध्ये दोन्ही डोळ्यांखाली फिलर, म्हणजे खड्डे भरायचं जेलचं इंजेक्शन, घेतलं. मिळून १ मिली, २२ हजार रुपये. आठवडाभर जांभळं होतं, ते गेलं. पण मागे जी निळसर करडी झाक राहिली ती पाच महिने झाले तरी हलत नाही. ट्यूबलाइटखाली कमी वाटते, खिडकीपाशी उभी राहिले की ठळक दिसते. परवा वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, तुम्हाला कुणी मारलं का?" क्लिनिकवाले फोनवर म्हणतात, मसाज करा, बसेल. बर्फ झाला, बटाट्याचा रस झाला. आता मेडिकलमधून आणलेली ट्यूब दोन महिने रात्री लावतेय. भोवतालची त्वचा उजळली, निळं तसंच. विरघळवायचं इंजेक्शन असतं म्हणे, पण त्यानं माझी स्वतःची त्वचाही वितळेल का? जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला सगळं माहेर घरी येतं, तोवर हे जाईल का? घरी फिलरचं सांगितलेलं नाही, 'फेशियल' म्हणाले होते.

उत्तर : बाई, तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न वाचून मला तुमच्यासाठी फार वाईट वाटलं. दिवसभर पन्नास मुलांसमोर उभं राहायचं आणि प्रत्येक नजर डोळ्यांखाली जातेय असं वाटत राहायचं, हा त्रास किरकोळ नाही. तो घालवता येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हे काय आहे ते. सुईनं रक्त साकळलं तर त्याचा रंग दिवसागणिक बदलतो: लाल, जांभळा, मग हिरवट, पिवळा, आणि साधारण दोन आठवड्यांत साफ. तुमचं पहिल्या आठवड्यातलं जांभळं ते हे. काहींना त्यानंतर रक्तातल्या लोहाचा तपकिरी डाग मागे राहतो, आणि आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीला सुईच्या जखमेनंतर काळा डाग धरायचीही सवय असते. पण ते सहसा तपकिरी-काळपट असतात. तुम्ही लिहिता निळसर करडी, पाच महिने जशीच्या तशी, उजेडात जास्त. तुम्ही पाठवलेल्या फोटोतही खालच्या पापणीलगत बारीक फुगीर पट्टी दिसते. हे रक्त नाही, डाग नाही आणि मेलॅनिन, म्हणजे कातडीचं रंगद्रव्यही नाही. फिलरचं जेल कातडीच्या फार वरच्या थरात बसलंय.

डोळ्यांखालची त्वचा अंगावरची सगळ्यात पातळ, साधारण अर्ध्या मिलिमीटरची. तुम्हाला भरलेलं जेल बहुतेक हायलुरॉनिक ॲसिडचं असेल. हा पदार्थ १९३४ साली कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी गाईच्या डोळ्यातल्या पारदर्शक द्रवातून वेगळा केला. नावातलं 'हायलोस' म्हणजे ग्रीकमध्ये काच. अशा काचेसारख्या जेलवर उजेड पडला की निळा प्रकाश जास्त विखुरतो आणि आपल्याकडे परत येतो. जॉन टिंडाल या एकोणिसाव्या शतकातल्या आयरिश शास्त्रज्ञाच्या नावानं आम्ही याला टिंडाल इफेक्ट म्हणतो. पाचवीच्या वर्गात करून दाखवता येईल असा प्रयोग आहे: काचेच्या पेल्यात पाणी, त्यात दुधाचे चार थेंब, खोलीत अंधार करून मोबाइलची बॅटरी लावा. बाजूनं पाहिलं तर पाणी निळसर दिसेल. अंघोळीच्या बंबाचा धूर काळ्या भिंतीसमोर निळा दिसतो, त्यातलाच हा प्रकार. निळा रंग तिथे कुणी भरलेलाच नाही, मग मलम पुसणार काय?

म्हणून ती ट्यूब आजपासून बंद. तुम्ही कळवलेल्या नावाच्या ट्यूबमध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि स्टेरॉइड अशी तीन औषधं एकत्र आहेत. स्टेरॉइडनं कातडी आणखी पातळ होते, म्हणजे खालचं जेल उलट जास्त दिसणार. डोळ्याजवळ ते महिनोन्‌महिने लावलं तर डोळ्याचा दाब वाढू शकतो, मोतीबिंदू होऊ शकतो. केंद्र सरकारनं २०१८ साली अशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी आपल्याकडे ती गोरं करायची क्रीम म्हणून सर्रास हातात पडतात. या ओपीडीत बसून मी त्यांनी जळलेले इतके चेहरे पाहिलेत की याबाबत माझा आवाज चढतो, माफ करा. बंद केल्यावर काही दिवस लाली येऊ शकते, आग होऊ शकते. घाबरून पुन्हा लावू नका, डॉक्टरांना दाखवा. बटाटाही थांबवा. मसाजचा उपयोग झालाच तर पहिल्या काही दिवसांत होतो. पाच महिन्यांनी चोळून जेल खोल जात नाही.

आता विरघळवायचं इंजेक्शन. त्याचं नाव हायलुरॉनिडेज. पूड असते, सलाइनमध्ये कालवून बारीक सुईनं अगदी थोडं थोडं टोचतात. काही तासांत काम सुरू होतं, एक-दोन दिवसांत फरक दिसतो, दोन आठवड्यांनी पुन्हा बघून गरज लागली तर दुसरा डोस. हे औषध नवं नाही: मोतीबिंदूच्या ऑपरेशनला भूल नीट पसरावी म्हणून डोळ्यांचे डॉक्टर ते कितीतरी वर्षं भुलीच्या औषधात मिसळतात. तुमची स्वतःची त्वचा वितळेल का? तुमच्या कातडीतलं थोडं हायलुरॉनिक ॲसिड मोडेल हे खरं. पण शरीर ते एरवीही दिवसा-दोन दिवसांत निम्मं मोडतं आणि नवं करतं, त्यामुळे ती तूट भरून निघते. भरलेलं जेल रासायनिक गाठी मारून घट्ट केलेलं असतं, म्हणून ते आपणहून लवकर जात नाही. डोळ्यांखाली वर्षभर, कधी त्याहूनही जास्त टिकतं. नुसती वाट पाहून गड्ड्यापर्यंत जाईल, असं मी म्हणणार नाही. इंजेक्शन या महिन्यात घेतलंत तर जानेवारीला भरपूर वेळ आहे.

एक गोष्ट लपवत नाही. जेल गेलं की एप्रिलआधीचे खड्डे परत दिसतील. माझं मत विचाराल तर ते खड्डे बरे. लगेच पुन्हा भरायला कुणी सांगितलं तर निदान काही आठवडे थांबा.

क्लिनिकला फोन करून फिलरचं नाव, बॅच नंबर आणि कुठे किती भरलं ते लेखी मागा. सिरिंजच्या पाकिटात चिकटवायची लेबलं असतात, त्यातलं एक तुमच्या कागदावर हवं. हे महत्त्वाचं, कारण कॅल्शियमचं किंवा पॉलिलॅक्टिक ॲसिडचं फिलर असेल तर हायलुरॉनिडेजनं ते विरघळत नाही. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून कधी अंगभर गांधी उठल्या असतील, दम लागला असेल तर आधीच सांगा. त्यांच्या विषातही हायलुरॉनिडेज असतं. पुण्याला पुन्हा जायचं नसेल तर इथल्या त्वचारोगतज्ज्ञांना किंवा सिव्हिलच्या त्वचाविभागात दाखवा. मेकअप न करता, दिवसाउजेडी जा. पार्लरमध्ये मात्र हे कुणालाही टोचू देऊ नका. तोवर शाळेत जाताना किंचित नारिंगी छटेचा कन्सीलर लावा, निळ्यावर तो चालतो. त्वचेच्याच रंगाचा लावला तर करडं आणखी उठून दिसतं. वर एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन, शक्यतो रंगछटेचं. निळं त्यानं जाणार नाही, पण आपल्या उन्हात शेजारी काळे डाग तरी पडणार नाहीत.

हे पुढचं तुमच्यासाठी नाही, पण वाचणाऱ्यांत कुणी फिलर घेणार असेल तर त्यांच्यासाठी लिहायलाच हवं. एक पोरगी ओठात फिलर भरून तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आली होती. नाकाच्या कडेला आधी पांढरं पडलं, मग जाळीसारखं जांभळं, आणि ठणका. 'साकळलंय, बर्फ लाव' असं तिला सांगितलं गेलं होतं आणि बिचारी बर्फ लावत बसली. जेलनं रक्तवाहिनी बंद केली होती. पहिल्याच तासांत आली असती तर आज नाकपुडीजवळ व्रण नसता. कातडी पांढरीफटक पडली, जाळी उमटली, ठणका वाढत चालला, बोटानं दाबून सोडल्यावर लाली परतायला वेळ लागला, तर उद्याची वाट पाहू नका, त्याच तासाला टोचणाऱ्या डॉक्टरांकडे जा. बर्फ नको. नजर अंधुक झाली किंवा पापणी पडली तर प्रत्येक मिनिट मोलाचं, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत.

राहिलं घरच्यांचं. चेहरा तुमचा, निर्णय तुमचा, सगळ्या माहेराला हिशेब द्यायची गरज नाही. पण इंजेक्शनच्या दिवशी एकट्या जाऊ नका. नंतर क्लिनिकमध्ये तासभर बसवतील, डोळे दिवसभर सुजलेले राहतील, आणि फेशियलनं असं सुजत नाही. मिस्टर असोत, बहीण असो, सोबत येणाऱ्या एका माणसाला खरं सांगून ठेवा. रात्री अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास लागला, तर काय टोचलं होतं ते डॉक्टरांना सांगणारं कुणीतरी घरात असायला हवं.