ससूनच्या गिरण्या आणि ससूनचं घराणं: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात गिरणगावावरच्या लेखात ससून घराण्याचा ओझरता उल्लेख आला आणि त्यावर इतकी पत्रं आली की हा अख्खा कॉलम त्यांनाच द्यायचं ठरवलं. सगळी पत्रं घेता आली नाहीत, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: माझे पणजोबा चिपळूणकडून मुंबईला आले आणि "ससूनमध्ये" साळखात्यात (विणकाम विभागात) लागले असं आजी सांगायची. पण ससून मिल म्हणजे नक्की कुठली? कोणी परळ सांगतं, कोणी काळाचौकी, कोणी म्हणतं ती बंदच झाली. (एक वाचक, डोंबिवली)

सगळेच बरोबर सांगतायत, कारण ससून नावाची एकच गिरणी नव्हती. आणि घराणं एक असलं तरी पेढ्या दोन होत्या. थोरल्या पातीची डेव्हिड ससून आणि कंपनी, आणि १८६७ मध्ये तिच्यातून फुटून निघालेली ई. डी. ससून आणि कंपनी. गिरण्या दोघांच्याही होत्या, पण गिरणगावात जास्त पसारा दुसऱ्या पेढीचा, म्हणजे ई. डी. ची. त्यांच्या गिरण्यांची नावं वाचली की घरची वंशावळच हाती लागते. जेकब ससून मिल, त्याच्या बायकोच्या नावाची रॅशेल ससून मिल, मेयर ससून मिल, डेव्हिड मिल, शिवाय अलेक्झांड्रा, मँचेस्टर, अपोलो असा मोठा गोतावळा. त्यातली परळची जेकब ससून मिल सगळ्यात दांडगी, लाखाच्या वर चात्या (सूत कातायच्या) होत्या तिथे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ससूननी या गिरण्या विकल्या आणि नवीन मालकांनी त्यांना इंडिया युनायटेड हे नाव दिलं. त्यामुळे तुमच्या घरात कोणी "इंडिया युनायटेड एक नंबर" असं म्हणत असेल तर ती जुनी जेकब ससूनच. काळाचौकीच्या दोन आणि तीन नंबरच्याही मुळात ससूनच्याच. पुढे या सगळ्या सरकारी नॅशनल टेक्सटाइल कॉर्पोरेशनकडे गेल्या, १९८२ च्या संपानंतर एकेक करत थंडावल्या.

पणजोबांचा पास, पगाराची चिठ्ठी, पतपेढीचं पुस्तक असं काही जुन्या पेटीत असेल तर बघा, त्यावर गिरणीचं नाव आणि खातं असतंच.

प्रश्न: हे लोक इंग्रज होते का? शाळेत तर आम्हाला तसंच वाटायचं. (एक वाचक, सांगली)

अजिबात नाही. हे बगदादचे ज्यू. डेव्हिड ससून यांचा जन्म १७९२ चा, वडील बगदादच्या पाशांचे (तुर्की सुभेदारांचे) खजिनदार आणि तिथल्या ज्यू समाजाचे प्रमुख, म्हणजे घर चांगलं खानदानी होतं. पण दाऊद पाशाच्या काळात श्रीमंत ज्यूंना धरून पैसे उकळणं सुरू झालं आणि या माणसाला जीव मुठीत धरून पळावं लागलं, आधी इराणच्या किनाऱ्यावर बुशहरला आणि मग १८३२ मध्ये कुटुंबासकट मुंबईला. वय चाळीस. त्या वयात परक्या गावात शून्यातून धंदा मांडायचा म्हणजे काय हे घर सोडून मुंबईत आलेल्या कुठल्याही माणसाला वेगळं सांगायला नको.

१८५३ मध्ये ते ब्रिटिश नागरिक झाले, पण तेव्हाही त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि सही त्यांनी हिब्रूत केली. शेवटपर्यंत बगदादी झगा आणि डोक्याला पागोटं, मुंबईच्या डेव्हिड ससून लायब्ररीतल्या पुतळ्यातही तोच वेश आहे. पेढीची पत्रं अरबी भाषेत पण हिब्रू अक्षरांत लिहिली जायची, म्हणजे मुंबईत बसलेल्या बापाने हाँगकाँग-शांघायच्या पोराला काय भाव कळवला ते मधल्या कोणाला पत्र सापडलं तरी वाचता येणार नाही. आठ मुलगे, आणि कोणाला कँटनला धाड, कोणाला लंडनला, घरचीच माणसं प्रत्येक बंदरात बसवली. माझ्या मते या घराण्याच्या पैशाचं खरं गमक हेच, नोकरावर नाही तर सख्ख्या मुलावर चालणारी पेढी. आणि पुढे फाटलं ते पण तिथेच, कारण १८६४ मध्ये म्हातारबाबा पुण्यात वारले, थोरला अब्दुल्ला, जो पुढे सर अल्बर्ट झाला, गादीवर बसला आणि दुसरा मुलगा एलियास, ज्याने चीनमधला धंदा १८४४ पासून स्वतः उभा केला होता, तो तीनच वर्षांत बाजूला होऊन स्वतःची पेढी काढून बसला. ई. डी. म्हणजे हाच, एलियास डेव्हिड. जेकब हा त्याचा मुलगा.

प्रश्न: ससून हॉस्पिटल, लायब्ररी, डॉक एवढं सगळं बांधलं, पण पैसा अफूचा होता म्हणतात. खरं काय? कौतुक करायचं की नाही? (एक वाचक, पुणे)

खरं आहे. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची आणि त्या धंद्यात ससून सगळ्यात मोठ्या नावांपैकी होते. कापूस, सूत, कापड, निळ हेही होतं, १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालू असताना कापसाचा भाव आभाळाला भिडला त्यातही मुंबईच्या बाकी व्यापाऱ्यांसारखं त्यांचं उखळ पांढरं झालं. पण अफूला वगळून या घराण्याची गोष्ट सांगणं म्हणजे वाचकाला फसवणं होईल. चीनमधली लाखो घरं त्या व्यसनाने धुळीला मिळाली.

आणि गिरण्यांशी त्याचा थेट संबंध आहे म्हणून मी हे लांबवतोय. मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये काढली, ससून नंतर आले, पण आले तेव्हा भांडवल तयार होतं आणि गिऱ्हाईक पण तयार होतं, कारण मुंबईच्या गिरण्यांचं सूत मोठ्या प्रमाणात चीनला जायचं आणि चीनमधली गोदामं, दलाल, बोटी सगळं अफूमुळे आधीच हाताशी. म्हणजे ज्या वाटेने अफूच्या पेट्या गेल्या त्याच वाटेने सुताचे गठ्ठे गेले. पुण्याच्या हॉस्पिटलने गोरगरिबांचे किती जीव वाचवले हे पण तितकंच खरं, माझ्या स्वतःच्या घरातलं एक माणूस तिथून बरं होऊन आलंय. मला वाटतं या इमारतींवरच्या पाटीत दानशूर लिहिताना पैसा कशातून आला तेही लिहावं, मुलांनी दोन्ही वाचावं.

प्रश्न: या घरातल्या बायकांबद्दल कुठेच काही वाचायला मिळत नाही. (एक वाचक, नाशिक)

खूप छान विचारलंत, कारण या घरातलं माझं सगळ्यात आवडतं माणूस एक बाईच आहे. फ्लोरा ससून, मूळ नाव फर्हा, जन्म मुंबईचाच, १८५९. तिचा नवरा सॉलोमन हा डेव्हिड ससून यांच्या धाकट्या मुलांपैकी आणि ती सर अल्बर्टची नात, म्हणजे लग्न घरातल्या घरातच. सॉलोमन मुंबईची पेढी सांभाळायचा, तो १८९४ मध्ये गेला. पदरात मुलं, दीर सगळे लंडनला, आणि या बाईने सरळ पेढीचा कारभार हातात घेतला. १८९४ साली! त्या काळी मुंबईतल्या एवढ्या मोठ्या पेढीवर बाईमाणूस मालक म्हणून हुकूम देतंय हे केवढं असेल विचार करा. हिब्रू, अरबी, हिंदुस्थानी, इंग्रजी सगळं यायचं, धर्मग्रंथांचा अभ्यास असा की पंडितांशी चर्चा करायची. हाफकिनच्या लशीला लोक घाबरत होते तेव्हा फ्लोराबाईंनी स्वतः टोचून घेतली, म्हणजे बाकीच्यांची भीती मोडेल. १९०१ मध्ये पेढीची लिमिटेड कंपनी झाली आणि त्या लंडनला गेल्या, तिथेच १९३६ मध्ये वारल्या.

रॅशेलबद्दल, जिच्या नावाची गिरणी होती तिच्याबद्दल, फार थोडं सांगता येतं. जेकब आणि तिला एकच मूल झालं आणि ते तान्हं असतानाच गेलं. त्यामुळे १९१६ मध्ये जेकब वारल्यावर सगळं भावाकडे आणि मग पुतण्याकडे गेलं.

प्रश्न: हा पुतण्या म्हणजे व्हिक्टर ससून ना? कामगारांशी तो कसा वागला? (एक वाचक, लालबाग)

हो, सर व्हिक्टर. पहिल्या महायुद्धात विमान अपघातात पाय कायमचे अधू झाले, काठ्या घेऊन चालायचा. त्याच्या काळात ससूनच्या गिरण्यांत "एफिशियन्सी" पद्धत आली, म्हणजे दोन साचे चालवणाऱ्या विणकराने तीन चालवायचे आणि त्रासन (सूतकताईच्या) खात्यात एका माणसाने यंत्रांच्या दुप्पट बाजू बघायच्या. मालकाच्या हिशोबात ही सुधारणा, खात्यात उभ्या माणसाच्या दृष्टीने शेजारच्याची नोकरी गेली आणि आपला दम निघाला. १९२८ चा एप्रिल ते ऑक्टोबर चाललेला सार्वत्रिक संप, ज्यातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली, त्याच्या मुळाशी ही गोष्ट मोठी होती. लगेच १९२९ मध्ये कामगारांच्या स्थितीवर रॉयल कमिशन नेमलं त्यावर एका टोकाला सर व्हिक्टर आणि दुसऱ्या टोकाला आपले कामगार पुढारी ना. म. जोशी, दोघे सभासद.

मग १९३१ च्या सुमारास व्हिक्टरने मुंबईतून पाय काढून मुक्काम शांघायला हलवला, तिथे त्याचं कॅथे हॉटेल आधीच दिमाखात उभं होतं. मला यात राग येतो तो असा की मालकाला संप, कर, राजकारण नकोसं झालं तर त्याला दुसरं शहर होतं, तीन साचे चालवणाऱ्याला मात्र तीच दहा बाय बाराची खोली आणि गावाकडे मनीऑर्डरची वाट बघणारं घर. अर्थात शांघायही टिकलं नाही, कम्युनिस्ट आल्यावर तिथलं सगळं गेलं. १९६१ मध्ये बहामात वारला, मूलबाळ नाही, घराण्यात चालत आलेली 'सर' ही पदवी तिथेच संपली.

प्रश्न: शाम्पूवाले विडाल ससून यांच्यातलेच का? (बऱ्याच वाचकांनी विचारलंय)

नाही. आडनाव सारखं, घराणं वेगळं.

प्रश्न: आता बघायला काय काय उरलंय? मुलांना दाखवायचं आहे. (एक वाचक, ठाणे)

एका दिवसात मुंबईतलं बरंच होईल. काळाघोड्याला डेव्हिड ससून लायब्ररी, इमारत १८७० ची, आत पुतळा. तिथून पायी दोन मिनिटांवर जेकबने वडिलांच्या आठवणीसाठी बांधलेलं, 'निळं सिनेगॉग' म्हणून ओळखलं जाणारं ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १८८४ चं. काळाघोडा हे नाव ज्या पुतळ्यावरून पडलं तो सर अल्बर्टने दिला होता, तो आता राणीच्या बागेत आहे. भायखळ्याचं मसीना हॉस्पिटल हा डेव्हिड ससून यांचा राहता बंगला, त्याचं नाव सां सूसी. १८७५ चं ससून डॉक पहाटे गेलात तर मासळीचा लिलाव पण दिसेल.

पुण्याला वेगळं जा, कॅम्पातल्या लाल देवळाच्या (हेही सिनेगॉगच) आवारात डेव्हिड ससून यांची कबर आहे. सिनेगॉगमध्ये बंदोबस्त असतो, ओळखपत्र जवळ ठेवा आणि आधी विचारूनच जा, शनिवारी प्रार्थना असते त्यामुळे तो वार टाळा.