सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसी: भट्टीतून माल वाहून नेणारा तारेच्या जाळीचा नवा बेल्ट चढवल्यावर लगेच माल सोडावा का?

नाही, आधी रिकामा चालवा. नव्या बेल्टच्या तारा एकमेकींत बसलेल्या नसतात. लगेच पूर्ण उष्णता आणि भार दिला तर तो एका बाजूने जास्त ताणला जातो आणि ती तिरकी चाल पुढे सुटत नाही. थंड भट्टीत फिरवून कडा बघा. सरकत असेल तर रोलर बेल्टच्या चालीशी काटकोनात आणा. कडेला पट्ट्या ठोकून दाबू नका, कडा उसवते. मग टप्प्याटप्प्याने तापवा, माल हलका आणि पूर्ण रुंदीवर पसरलेला. बेल्टचा ताण, तो ओढणाऱ्या ड्रमवर घसरणार नाही इतकाच ठेवा. गरम बेल्ट थांबवू नका, म्हणून लाइट गेली तर हाताने फिरवायची सोय आधीच करा. तापवण्याचा वेग मात्र तारेच्या मिश्रधातूप्रमाणे बदलतो. तो निर्मात्याकडून घ्या.