पाळणाघर काढताय? आधी एवढं बघा

बडोद्याच्या दांडिया बाजारात जागा मिळाली, अर्धं काम झालं! रंगीत भिंती, घसरगुंडी सावकाश होऊ द्या. आधी माणसं नक्की करा. प्रत्येक मुलाला रोज तीच मावशी मिळायला हवी. पगारासाठी मावश्या बदलत राहिलात तर बाकी सगळं फुकट. मावशी गुजराती असली तरी चालेल, फक्त घरी झोपवताना काय म्हणतात ते आईला विचारून घ्या.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- आईला गुपचूप सटकायला सांगणं. मूल मग दाराकडेच डोळे लावून बसतं. "येते हं" म्हणून, टाटा करूनच जाऊ दे.
- आठ-नऊ महिन्यांच्या बाळाचं रडणं म्हणजे लाडावलेपण समजणं. या वयात आई दिसेनाशी झाली की घाबरणं स्वाभाविकच.
- न रडणाऱ्याला 'शहाणं बाळ' म्हणून विसरणं. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी वर्षाच्या आसपासच्या मुलांना पाहिलं, तेव्हा आई परत आल्यावर मूल काय करतं, यालाच जास्त महत्त्व दिलं. काही मुलं वरून गप्प असतात, पण छाती धडधडत असते. तुम्हीही संध्याकाळी न्यायची वेळ नीट बघा.

मूल आईपेक्षा आजीला जास्त चिकटलेलं दिसलं तर आईला टोमणा नको. मुलं एकाहून अधिक माणसांशी घट्ट जोडली जातात. या जोडलं जाण्याचे जे प्रकार मानसशास्त्रात सांगतात, त्यांची नावं इतक्यात पाठ करू नका, नाहीतर दोन दिवसांत प्रत्येकाला लेबल लावाल. पहिला आठवडा आईला तासभर सोबत बसवा, मग वेळ कमी करत न्या.